वसतिगृहाचं पान

फिजिक्सच्या साळवे मॅडम संगणकाशी भांडताना मी पहिल्यांदा ऐकल्या, तेव्हा मला वाटलं आत कुणीतरी विद्यार्थी तावडीत सापडलाय. प्रयोगशाळेचं दार लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होता, "कावून बे? कावून चालंना तू? नुसतं न्हाई म्हणू नको. कारण सांग!"

मी डोकावलो. आत मॅडम एकट्याच. पदर कमरेला खोचलेला, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि समोर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ. डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही, अशा अर्थाची.

"शेटेसर, या," मागं न बघताच त्या म्हणाल्या. "तुम्ही मराठीचे ना? ह्या वाक्यात कर्ता कुठंय ते दाखवा मला. संपर्क होऊ शकला नाही. कुणाकडून होऊ शकला नाही? कुणाची चूक? असल्या बिनकर्त्याच्या वाक्यांवर आपलं अख्खं कॉलेज चाललंय."

ते कॉलेज कुठलं, हे मी सांगणार नाही. बीड जिल्ह्यातलं आहे, पाटोद्याच्या बाजाराला जाणाऱ्या जीपा त्याच्या फाटकासमोर थांबतात, एवढं पुरे. मी तिथं तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. खाउजा हा शब्द तेव्हा आमच्या निबंधाच्या प्रश्नांत हमखास असायचा. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. गावात दिवसातला बराच वेळ लाईट नसायची, पण कॉलेजला वेबसाईट पाहिजे होती. विद्यापीठाकडून तपासणी समिती येणार होती आणि येण्याआधी ती म्हणे वेबसाईट बघणार होती.

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे आबा. सगळे त्यांना आबाच म्हणायचे, प्राचार्यसुद्धा. आबांचा पुतण्या विक्रांत पुण्यात कॉम्प्युटरचं काहीतरी करायचा. त्यानं इंटरनेटवर कॉलेजच्या नावानं जागा घेतली, एक सीडी पाठवली आणि सांगितलं, की ह्यात एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते त्या जागेवर चढवा, मग कुणीही वेबसाईट चालवू शकतं. मथळा लिहायचा, मजकूर लिहायचा, बटण दाबायचं, संपलं. त्यानंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं. काम साळवे मॅडमकडं आलं, कारण संगणक त्यांच्या प्रयोगशाळेत होते.

मॅडमच्या रागाबद्दल स्टाफरूममध्ये चवीनं बोललं जायचं. "मॅडम, रागावू नका" असं कुणी म्हटलं, की त्या जास्तच भडकायच्या. "राग येईल असं वागायचं आणि वर येऊ नको म्हणायचं. दोन्ही तुम्हीच ठरवणार का?" डबा त्या उभ्यानं खायच्या. बसलं की लोक विषय काढतात, म्हणायच्या. कुणाचंही अर्धवट वाक्य त्यांना सहन व्हायचं नाही. "बघू", "होईल", "वरून आलंय" ही तीन उत्तरं त्यांच्यासमोर उच्चारायची शिपायांचीसुद्धा छाती नव्हती.

त्या रुजू झाल्या त्या दिवसाची गोष्ट मला जुन्या लोकांनी सांगितली. प्राचार्यांच्या खोलीत सगळ्यांना चहा चिनी मातीच्या कपात आला आणि मॅडमना प्लास्टिकच्या पेल्यात. मॅडम बौद्ध, नांदूरघाटच्या. सगळ्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मॅडमनी हात लांब करून प्राचार्यांच्या पुढ्यातला कप उचलला, शांतपणे चहा संपवला आणि प्लास्टिकचा पेला त्यांच्यापुढं सरकवला. "घ्या सर. निवतोय." हे सांगणाऱ्या माणसाला त्यात गंमत वाटत होती. मला ऐकताना कानशिलं तापली. हे होऊन काही जमाना लोटलेला नव्हता, आणि त्या दिवशी खिडकीतून बाहेर बघणारे सगळे अजून त्याच स्टाफरूममध्ये बसून सामाजिक समतेवर व्याख्यानं देत होते.

एसटीचा प्रसंग मात्र मी स्वतः बघितला. संध्याकाळची गाडी कॉलेजच्या थांब्यावर थांबायची नाही. पोरी पासवर येतात, पासवाल्यांसाठी कोण थांबणार? गाडी निघून गेली की पोरी अंधारात जीपची वाट बघत बसायच्या, आणि असं दोन-चारदा झालं की घरचे त्यांचं कॉलेज बंद करायचे. मॅडमनी आगाराला अर्ज दिले. उत्तर आलं, "कार्यवाही सुरू आहे." मग एके संध्याकाळी त्या छत्री उघडून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर कचकन थांबली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ बाई, मरायचंय का?"

"न्हाई. चढायचंय. पोरींनो, चढा गं!"

सगळ्या पोरी चढेपर्यंत त्या हलल्या नाहीत. आठवडाभर रोज त्या छत्री घेऊन उभ्या राहिल्या. मग गाडी आपोआप थांबायला लागली.

असल्या बाईच्या हातात ते सॉफ्टवेअर आलं. संपर्क होत नाही, ही ओळ काही जाईना. मॅडमनी जागा देणाऱ्या कंपनीला फोन लावला आणि पलीकडच्या माणसाला इतकं सुनावलं, की मी बाहेर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी कारण सापडलं. कंपनी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डेटाबेसच्या नावाआधी त्याच्या खात्याचं नाव स्वतःच जोडते. आमच्या फाईलीत नुसतं नाव लिहिलेलं होतं, आधीचं खात्याचं नाव नव्हतं. फोनवरच्या माणसानं हेच पहिल्या वाक्यात सांगितलं होतं, पण मॅडमनी त्याला दुसरं वाक्य बोलूच दिलं नव्हतं. त्यांनी परत फोन लावला, तोच माणूस मागून घेतला आणि म्हणाल्या, "काल मी तुम्हाला बोलले. चूक माझी होती. तुमचं बरोबर होतं." बहुधा त्या नोकरीत असा फोन त्याला पहिल्यांदाच आला असावा.

पुढं पासवर्डचा घोळ झाला. पासवर्ड बरोबर टाकला तरी आत शिरता येईना. बटण दाबलं की पुन्हा तेच पान, पुन्हा पासवर्ड मागणारं. काही चुकलं असंही ते सांगेना. लाईट असेल तेवढ्या वेळात मॅडम एकेक फाईल तपासायच्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बघायचं, मग दुसरी, हा त्यांचा प्रयोगशाळेतला नियम. मी म्हणालो, "सगळंच पुसून परत टाकू या ना." माझ्याकडं त्यांनी असं बघितलं, जणू मी बीड जिल्हाच पुसून परत वसवू म्हणालोय. शेवटी सापडलं, ते पाहून मला हसू आलं आणि त्यांना संताप. सेटिंगच्या फाईलीत सगळ्यात वर एक रिकामी ओळ होती. कुणाचा तरी हात एंटरवर पडला असणार. ती रिकामी ओळ आधी बाहेर पडायची आणि तिच्यामुळं पुढची सगळी गाडी अडायची. ओळ काढली आणि आम्ही आत गेलो.

आत गेलो, तर मराठी दिसेना. मी प्राचार्यांचं मनोगत टाइप करून दिलेलं. जतन केलं आणि उघडलं, तर पानभर नुसती प्रश्नचिन्हं. वर प्राचार्यांचा हसरा फोटो आणि खाली ओळीनं प्रश्नचिन्हं. मॅडम पहिल्यांदा खदाखदा हसल्या. "शेटेसर, राहू द्या असंच. पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी प्रामाणिक लिहिलंय." मग लगेच राग. डेटाबेस तयार करताना तो इंग्रजी अक्षरांपुरताच झाला होता. आपली अक्षरं त्याला ठाऊकच नव्हती, म्हणून जे समजलं नाही त्याचं तो प्रश्नचिन्ह करून ठेवायचा. सगळं नव्यानं, सर्व लिप्या समजतील असं करावं लागलं, आणि सगळा मजकूर परत टाइप करावा लागला. "जगभराचं सॉफ्टवेअर म्हणे," मॅडम पुटपुटत होत्या. "जगात आम्ही धरलेलोच न्हाईत."

साईट उभी राहिली. वर कॉलेजचं नाव शुद्ध मराठीत. मॅडमनी खुर्ची मागं सरकवली, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

उद्घाटनाला मांडव घातला. शाल-श्रीफळ विक्रांतला. पुण्याहून गाडी करून तो आला होता. सूत्रसंचालकानं त्याला "आपल्या संकेतस्थळाचे शिल्पकार" म्हटलं, आणि त्यानं मान झुकवून ते घेतलं. त्याला निदान लाज वाटायला पाहिजे होती, पण ती त्याला सीडीसोबत कुणी दिलेली नव्हती. मॅडम तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढंच. मी नंतर म्हणालो, "मॅडम, हा अन्याय आहे."

"शाल कुणाला गेली, त्याचा मला राग न्हाई," त्या म्हणाल्या. "मला ते पान बघून आलाय."

सुविधांचं ते पान आबांकडून आलं होतं. त्यात लिहिलं होतं: मुलींसाठी सुसज्ज वसतिगृह, चोवीस तास पाणी, सुरक्षारक्षक. सोबत कॉलेजच्या मागच्या इमारतीचा फोटो. ती इमारत सरकारी अनुदानातून खरोखर मुलींच्या वसतिगृहासाठीच बांधलेली होती. पाटीही तशीच होती. आत मात्र आबांच्या दुकानाची खताची आणि सिमेंटची पोती. एकही पोरगी त्यात एक दिवससुद्धा राहिली नव्हती. मॅडमनी ते पान टाकायला नकार दिला, तेव्हा प्राचार्यांनी त्यांच्याकडून विक्रांतसाठी वेगळा पासवर्ड काढून घेतला. ते पान विक्रांतनं टाकलं.

पुढं जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत, एक माणूस पोरीला घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. पोरीच्या हातात लोखंडी पेटी. तो मॅडमच्याच गावचा, नांदूरघाटचा निघाला. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यानं मॅडमपुढं धरला.

"माझ्या मेव्हण्यानं केजला कॅफेत काढून दिला, मॅडम. ह्याच्यात लिव्हलंय, पोरींची राह्याची सोय हाय. आमी दिवाळीनंतर उसाला जातो, तिकडं कारखान्यावर. मागच्या साली हिला संगं न्यावं लागलं. धाकटी पोरं सांभाळत हिनं दहावी केली, पहिल्या वर्गात. आता सायन्सला जायाचं म्हणती. ठिवायला जागा नव्हती म्हणून सोयरीक बघत होतो. मग हे कळलं."

पोरीचं नाव मुक्ता. ती कागदाकडं बघत होती.

मॅडमनी कागद वाचला. आपल्याच साईटवरचं पान, आपणच इतक्या खटपटीनं शुद्ध केलेली अक्षरं. त्या खाली बसल्या. मी त्यांना अशा बसलेल्या कधी बघितल्या नव्हत्या. मग उठल्या, पोरीच्या हातातली पेटी घेतली आणि सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. पेटी टेबलावर ठेवली.

"वसतिगृहाची किल्ली द्या."

"मॅडम, तुम्हाला माहितीये," प्राचार्य हळू आवाजात म्हणाले, "ते फक्त कागदावर आहे."

"मग पोरीला कागदावर झोपवू?"

"रागावू नका मॅडम. बघू आपण."

मॅडमनी पेटी परत उचलली. मुक्ता त्या दिवसापासून त्यांच्या घरी राहिली. पण मॅडमचा राग एका पोरीनं शमणारा नव्हता. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. "शेटेसर, एक सूचना लिहून द्या. शुद्ध मराठीत. मुलींच्या वसतिगृहात प्रवेश सुरू. खाली सोयी, पानावर आहेत त्याच, एक शब्द जास्त न्हाई. आणि संपर्कासाठी अध्यक्षांचा फोन."

मी लिहून दिली. साईटच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत ती लागली.

आबांचा फोन वाजायला लागला. पाटोद्याहून, केजहून, गेवराईच्या कडेच्या वाड्यांवरून. साईट बघणारे मूठभरच असतील, पण एकानं बघितलं की बाजारात दहा जणांना कळतं. आधी आबांना कौतुक वाटलं. मग पेट्या घेऊन माणसं थेट त्यांच्या दुकानावर येऊ लागली. चौथ्या का पाचव्या दिवशी ते कॉलेजात आले आणि मॅडमना बोलावणं आलं. मॅडमनी मलाही सोबत घेतलं. "साक्षीला चला," म्हणाल्या.

"कुणी टाकलं हे?" आबांनी विचारलं.

"मी."

"कुणाला इचारून?"

"विचारायचं काय? तुमचाच मजकूर आहे. तुम्ही आतल्या पानावर लिहिला, मी बाहेरच्या पानावर लावला."

"ओ मॅडम, आमी तुमाला नोकरी दिली..."

"नोकरी मला माझ्या मार्कांनी दिली आणि कायद्यानं दिली," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही फक्त सही केली. ती पण नाइलाजानं. ते सोडा. वसतिगृहाचं बोला."

आबांचा चेहरा काळवंडला. प्राचार्य भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"आत्ताच्या आत्ता काढा ते."

"काढते. मग आतलं पानपण काढते. राहतील तर दोन्ही राहतील, न्हाईतर दोन्ही जातील."

इथं आबा अडले. समितीची साईट बघून झाली होती. वसतिगृह आवर्जून बघू, असं पत्र आलेलं होतं आणि भेट पुढच्या आठवड्यावर होती. पान काढावं तर खोटं उघडं पडतं, ठेवावं तर पेट्या येतात. मग आबा खुर्चीवरून उठताना प्राचार्यांना म्हणाले, "पोती हलवा."

पोती हलली. घाईघाईनं चुना लागला, खाटा आल्या, आणि मुक्तासकट पोरी पेट्या घेऊन राहायला आल्या. समिती आली तेव्हा दारात खऱ्या पोरी होत्या, खऱ्या पेट्यांवर बसून खरा अभ्यास करत होत्या. समितीतल्या बाईंनी मुक्ताला विचारलं, "काही अडचण?" मुक्ता म्हणाली, "वास येतो, मॅडम. खताचा." सगळे हसले. आबाही हसले. खोल्यांमधला तो वास पावसाळाभर गेला नाही, आणि चोवीस तास म्हणून छापलेलं पाणी दिवसातून एकदाच, तेही तांबूस यायचं. पण दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडं निघाल्या, तेव्हा त्या पोरी मागं राहिल्या. वर्गात राहिल्या. माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसल्या. ज्यांनी हे पाहिलेलं नाही, त्यांना त्याची किंमत सांगून कळणार नाही.

वसतिगृहाचं रीतसर उद्घाटनही झालं, नंतर. फीत आबांनी कापली. वर्तमानपत्रात फोटो आला, खाली "ऊसतोड कामगारांच्या लेकींचा आधारवड". मॅडमना निमंत्रण नव्हतं. साईटचे पासवर्ड बदलले गेले. त्यांच्याकडून प्रयोगशाळेचा चार्ज काढला आणि वर्ष संपायच्या आत संस्थेच्या दुसऱ्या, पार जिल्ह्याच्या टोकाच्या कॉलेजात बदली झाली. तिथं फिजिक्सला विद्यार्थीच नव्हते. आदेशात लिहिलं होतं, "प्रशासकीय कारणास्तव". मला आजही तो कागद आठवला की दात आवळले जातात. ज्यांनी पोरींच्या खाटांच्या जागी पोती रचली ते आधारवड, आणि जिनं ती हलवली ती प्रशासकीय कारण.

स्टाफनं निरोपसमारंभ ठेवला. मॅडम गेल्याच नाहीत. त्या वसतिगृहात गेल्या. मीही मागोमाग गेलो. पोरी रडायला लागल्या, तशा मॅडम कडाडल्या. "रडता कावून? उद्या पाणी आलं न्हाई तर कुणाकडं जायचं?"

"प्राचार्यांकडं," एकजण म्हणाली.

"आणि ते बघू म्हणाले तर?"

मग मागून मुक्ताचा बारीक आवाज आला, "तिथंच बसायचं. बघेस्तोवर."

मॅडमनी मान हलवली, पिशवी उचलली आणि मागं न बघता फाटकाकडं चालू लागल्या. थांब्यावर एकट्याच उभ्या होत्या, माझ्याकडं पाठ करून. खांदे थरथरत होते. मला वाटलं, आता तरी बाई रडतायत. धीर द्यावा म्हणून मी जवळ गेलो.

त्या शिव्या देत होत्या. दबक्या आवाजात, दात आवळून, एकामागून एक. आबांना, प्राचार्यांना, विक्रांतला, प्लास्टिकचा पेला देणाऱ्याला, खिडकीतून बाहेर बघणाऱ्यांना. त्यांच्या तोंडून मी तोवर एकही शिवी ऐकली नव्हती. कित्येक वर्षांच्या साठवलेल्या असाव्यात. मी दोन पावलं मागं सरलो.

गाडी आली. न सांगता थांबली. मॅडम चढल्या, खिडकीपाशी बसल्या. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी वळणापाशी जाईपर्यंत मी बघत होतो. काचेमागं त्यांचे ओठ अजून हलत होते.